आरव

बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून मी लॅम्बोर्गिनी मोजायला लागलो, तेव्हा शोरूममधला सुटाबुटातला पोरगा आधी हसला, मग गंभीर झाला आणि शेवटी हळूच जवळ येऊन म्हणाला, "सर, आपण नक्की काय शोधताय?"

मी म्हटलं, "रुंदी."

शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची असते. आमची जुनी मारुती 800 तिच्यात आरामात मावायची आणि वर सहा सेंटिमीटर उरायची. ही गॅलार्दो टेप संपली तरी संपेना. दीडशेवर बोट दाबून धरलं, टेप पुढं सरकवली आणि पुन्हा मोजली. एकशे नव्वद भरली, तेही आरसे सोडून. मी आकडा वहीत लिहिला. पोरगा माझ्याकडं असा बघत होता, की मी आता गाडीला परकर शिवून देतो म्हणणार.

"दाजी, तेवढी टेप आत ठेवा," मेव्हणा मराठीत पुटपुटला. "हितं लोक घोडे किती ते विचारतात."

"घोडे विचारून काय करायचं? तबेल्याचं दार केवढं आहे ते आधी बघ."

तर हा माझा मेव्हणा. मूळचा साताऱ्याचा, धंद्यानं भूलतज्ज्ञ, वीस वर्षं इंग्लंडात आणि घर वेल्सच्या हद्दीला लागून. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अडीच महिन्यांसाठी त्याच्याकडं गेलो, त्याच्या आदल्याच महिन्यात त्याला पन्नासावं लागलं होतं. पन्नाशीला पुरुषांना काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन धावायला लागतं, कुणी बासरी शिकतं, आमच्या बँकेतले एक साहेब एकाएकी मोडी लिपी गिरवायला लागले. याला सुपरकार हवी झाली. "सगळी उमर लोकांना झोपवण्यात गेली दाजी," तो म्हणाला, "आता जरा आपण जागं व्हावं म्हणतो."

त्याच्या बायकोच्या अटी तीन. नवी घ्यायची नाही, घर गहाण टाकायचं नाही आणि बघायला जाताना दाजींना बरोबर न्यायचं. तिसऱ्या अटीमागं माझं गाडीचं ज्ञान नव्हतं. मी तीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात होतो आणि माणसाला आवडलेल्या वस्तूत खोट काढून दाखवणं एवढीच माझी पात्रता. त्यातून माझे वडील एस.टी.त कंडक्टर, महाबळेश्वर–पोलादपूर गाडीवर. आंबेनळी घाटाची वळणं आमच्या घरी पाढ्यांसारखी पाठ होती. तेव्हा अरुंद रस्ता म्हणजे काय हे निदान मला कळतं, असा सगळ्यांचा समज होता.

मेव्हण्याचं म्हणणं साधं होतं. त्याला मोटरवेवर गाडी पळवायची नव्हती, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मिरवायची नव्हती. त्याला रविवारी पहाटे वेल्सच्या आडरस्त्यांवर जायचं होतं. डोंगर, दगडी गडगे, वळणावर वळण, मध्येच मेंढरं. "गाडी हाताला कळली पायजे दाजी. नुसती पळून काय उपयोग?" हे वाक्य मला पटलं. अडचण एवढीच, की त्याच्या यादीतल्या निम्म्या गाड्या नुसत्या पळण्यासाठी जन्माला आल्या होत्या.

सुपरकार कशाला म्हणायचं, यावर जाणत्या लोकांत भांडणं आहेत. पण बरेच जण गणती मिऊरापासून करतात. लॅम्बोर्गिनीनं ती 1966 साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात मांडली. बारा सिलिंडरचं इंजिन, आणि ते बोनेटखाली न ठेवता माणसांच्या पाठीमागं, तेही आडवं घातलेलं. फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचा मूळ धंदा ट्रॅक्टरचा. आपल्या गाडीच्या क्लचची तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडं गेला आणि ट्रॅक्टरवाल्याला मोटारीतलं काय कळतं, असं ऐकून परत आला, म्हणून त्यानं स्वतःचीच मोटार काढली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. मला ती आवडते, कारण अपमान झाल्यावर माणसानं कारखाना काढावा ही कल्पना आमच्या पश्चिम महाराष्ट्राला अगदी घरची आहे.

मिऊरा आपल्या आवाक्यातली नव्हे. तिची किंमत आता चित्रांसारखी लिलावात ठरते. आपण बघायच्या त्या वीस-तीस वर्षांपूर्वीच्या. पण त्याआधी रस्ता बघू, मी म्हटलं. जोडा घेण्याआधी पाय बघतात.

पुढच्या रविवारी मेव्हण्याच्या रोजच्या गाडीतून आम्ही वेल्समध्ये शिरलो. हद्द ओलांडली आणि पहिल्याच वळणाआधी डांबरावर पांढऱ्या रंगात भली मोठी अक्षरं आली: ARAF. खाली इंग्रजीत SLOW. वेल्समध्ये सगळ्या पाट्या दोन भाषांत असतात.

"अराफ म्हणजे सावकाश का?" मी विचारलं.

"अराफ नाही दाजी. त्यांच्यात एका एफचा उच्चार व. अ-रव."

मी दोनदा म्हणून बघितलं. आपल्याकडं आरव म्हणजे आवाज, गर्जना. हल्ली तर बालवाडीत आरव म्हणून हाक मारली की चार पोरं वळून बघतात. आणि इथं डोंगरातल्या प्रत्येक वळणाआधी रस्ता तोच शब्द उच्चारून सांगतोय, सावकाश. ज्या गाडीसाठी आम्ही निघालो होतो तिच्या अख्ख्या आयुष्याचा अर्थ आपल्या भाषेत आरव, आणि तिनं ज्या रस्त्यावर जायचं त्या रस्त्याचा हुकूम त्यांच्या भाषेत अरव. मी हे मेव्हण्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही पुढं बघा दाजी, मेंढरू आहे."

मेंढरू खरंच होतं, रस्त्याच्या मधोमध बसलेलं. वेल्समध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि त्यांनाही हे माहीत असावं.

एका ठिकाणी थांबून मी टेप काढली. रस्ता दोन टेपा आणि वर एक वीत भरला. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, झुडपांच्या पोटात दगड. समोरून कुणी आलं तर जागोजागी पोटासारखे फुगवटे करून ठेवलेत, त्यात एकानं शिरून दुसऱ्याला वाट द्यायची. म्हणजे एकशे नव्वदची गाडी घेऊन आलो, की दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा. मेव्हणा गप्प झाला. वहीत आकडा मी ठळक अक्षरात लिहिला.

दुसरी गोष्ट वेगाची. ब्रिटनमध्ये असल्या बिनदुभाजकाच्या रस्त्यावर कायद्याची हद्द ताशी 60 मैल, म्हणजे आपले सुमारे 97 किलोमीटर. गावात शिरलं की वेल्समध्ये 2023 च्या सप्टेंबरपासून बहुतेक ठिकाणी 20 मैल, म्हणजे 32. आमचा सातारचा रिक्षावाला पोवई नाक्याला याहून जोरात वळतो. आता यादीतली कुठलीही गाडी घ्या, ती दुसऱ्याच गिअरमध्ये साठ मैल ओलांडते. राहिलेल्या चार गिअरचे पैसे कशाचे द्यायचे, असं मी विचारलं, तर मेव्हणा म्हणाला, "दाजी, घरात सहा खोल्या असल्या तरी माणूस झोपतो एकीतच." बरोबर आहे. पण घरपट्टी सहाही खोल्यांची भरतो.

त्या दिवसापासून शोधाची दिशा बदलली. साठ मैलांच्या आत जी गाडी माणसाला हसवेल ती आपली, असं ठरलं. हे ठरवायला सोपं. बघायला निघालो आणि सहा आठवडे गेले.

सेकंडहँड गाडी बघण्याला स्थळ बघण्याची उपमा द्यायची आपल्याकडं पद्धत आहे. मी देणार नाही. स्थळ बघायला गेल्यावर निदान पोहे मिळतात.

पहिली इटालियन होती. कंपनीचं नाव सांगत नाही. लांबून रूप असं, की मेव्हण्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी आत बसलो, म्हणजे आधी जमिनीवर बसलो आणि तिथून आत सरकलो. रेडिओचं बटण दाबलं आणि बोट तिथंच राहिलं. प्लॅस्टिकवर कधीकाळी मऊ मखमली लेप दिलेला होता, तो वीस वर्षांत वितळून बटणं गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. विकणारा म्हणाला, त्या काळातल्या इटालियन गाड्यांचं हे नेहमीचंच, कारागीर लोक पॅनेल काढून साफ करून देतात. मी रुमालानं बोट पुसलं. संक्रांत असती तर चालवून घेतलं असतं.

इंजिनाच्या टायमिंग बेल्टचं प्रकरण मला त्या दिवशी कळलं. फेरारीची एफ 355 ही 1994 ते 1999 मधली गाडी, दिसायला सगळ्यांत देखणी असं मेव्हण्याचं मत आणि माझंही. पण तिचा बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. पोहरा बदलायला विहीर बाहेर काढावी तसं. आणि हे काम मैलांवर नाही, वर्षांवर. गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, काही वर्षं झाली की रबर बदला. पुढच्या 360 मोडेनाला त्यांनी सीटच्या मागं एक झडप दिली, तिच्यातून हात घालून काम होतं. तिच्या पुढच्या एफ 430 ला बेल्टच काढून टाकला आणि साखळी बसवली. म्हणजे तीन पिढ्यांत त्यांना कळलं, पण कळेपर्यंत गिऱ्हाइकाचा खिसा मोकळा. 360 ची रुंदी एकशे ब्याण्णव. वहीत फुली.

मग एक लेफ्टहँड गाडी. युरोपातून आणलेली, म्हणून थोडी स्वस्त. इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळं अशा गाडीत चालवणारा झुडपाला चिकटून बसतो आणि रस्त्याचा मधला भाग त्याच्या शेजारच्याला दिसतो. फेरफटका मारायला निघालो. पुढं गवताचे भारे घेऊन एक ट्रेलर. मेव्हण्याला पुढचं काहीच दिसेना. तो म्हणाला, "दाजी, बघा जरा."

मी मान बाहेर काढली. आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून वडिलांचा आवाज निघाला. "थांब… थांब… ट्रक आहे. थांब. येऊ दे त्याला. हां, मोकळा आहे. जाऊ दे, जाऊ दे!"

गाडी त्यानं झकास काढली. पण ट्रेलर मागं टाकल्यावर म्हणाला, "ही नको. दर रविवारी तुम्हाला साताऱ्याहून कसं आणायचं?"

मॅक्लारेनची 12सी बघितली ती निव्वळ हौसेनं. 2011 ची, सहाशे घोडे. सुरुवातीच्या या गाड्यांना दाराला मूठच नव्हती. दाराच्या कडेखालून हात फिरवायचा, की दार उघडतं. विकणाऱ्यानं "फिरवा" म्हटल्यावर मी फिरवला, गाईच्या गळ्याखालची पोळी खाजवतात तसा. गाय असती तर तिनं मान वर केली असती; हिनं दार वर केलं. पक्ष्याच्या पंखासारखं ते उघडलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरकलो हे कबूल करतो. गाडी खड्ड्यातून अशी जाते, जशी पोटातलं पाणी न हलवणारी पालखी. डाव्या-उजव्या चाकांचे शॉकॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडलेत, म्हणून. पण सहाशे घोडे त्या दोन टेपांच्या रस्त्यावर! पायाचा अंगठा जरा जड झाला, की पुढचं गाव. मेव्हणा उतरून म्हणाला, "मी चालवत नव्हतो दाजी. मी फक्त थांबवत होतो." भूलतज्ज्ञाच्या तोंडी हे वाक्य मला जरा गंभीर वाटलं.

याखेरीज एक ऑडी आर8 बघितली, मेव्हण्याला फार आवडली, पण रुंदी पुन्हा एकशे नव्वद. पोर्श 911 माझ्या टेपेला पसंत होती. तिच्या मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पालेभाजी बसते, तरी बायकोनं त्या सीटपायी तिची बाजू घेतली. पण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं. कॅरिअरवर पोतं बांधलेल्या सायकलीसारखं. सवय झाली की मजा आहे म्हणतात, सवय होईपर्यंत ओढे आहेत. मधोमध इंजिनवाल्या गाडीचं गणित वेगळं. बाई पाण्याची कळशी कडेवर घेते, हात लांब करून धरत नाही. वजन अंगाशी असलं की पायवाटेवर गर्रकन वळता येतं. मिऊरानं जे इंजिन पाठीशी घेतलं त्याचं मर्म एवढंच.

रात्री जेवणं झाली, की कागदपत्रं. इथं मात्र मी रमलो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सरकारी नियमानं तपासणी होते, आणि गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा निकाल कुणालाही फुकट बघता येतो: कधी पास, कधी नापास, कशात नापास, त्या दिवशी काट्यावर किती मैल. असली सोय आमच्या कर्जदारांच्या बाबतीत असती, तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. मेव्हणा आणि मी मध्यरात्रीपर्यंत कादंबरीसारखे ते निकाल वाचायचो. एक लाल गाडी तर वर्षाला नव्वद मैल चालली होती. मी हिशोब केला. ती बाहेर पडायची ती फक्त तपासणीला जाण्यासाठी, पास व्हायची आणि घरी येऊन पुन्हा वर्षभर झाकून बसायची. अशी किती माणसं आपण बघितलीत!

लोक कमी चाललेल्या गाडीवर भाळतात. पण उभी गाडी म्हणजे विकतचं दुखणं. रबरं कडक होतात, बॅटरी बसते, टायर दिसायला नवे पण आतून म्हातारे. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. एका चकचकीत गाडीच्या टायरवर मला 2311 दिसलं. म्हणजे 2011 चा तेविसावा आठवडा. विकणारा म्हणाला, नक्षी तर अजून पूर्ण आहे. मी म्हटलं, देवळातल्या वहाणांचीसुद्धा असते.

सहाव्या आठवड्यात एका निवृत्त दंतवैद्याकडं गेलो. त्याच्याकडं होंडाची एनएसएक्स होती, चंदेरी रंगाची, 1992 ची. होंडा म्हटल्यावर बायकोनं विचारलं होतं, "एवढं फिरून ॲक्टिव्हाच घेणार का?"

या गाडीबद्दल मेव्हणा मला आठवडाभर पारायण केल्यासारखं सांगत होता. होंडानं ती 1990 मध्ये विकायला काढली. अख्खा सांगाडा आणि बॉडी ॲल्युमिनियमची, कारखान्यात घाऊक प्रमाणावर असली गाडी बनण्याची ती पहिलीच वेळ. काचा एवढ्या मोठ्या आणि बोनेट एवढं खाली, की लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून कल्पना घेतली होती. तयार होत असताना शर्यतपटू आयर्टन सेनानं ती सुझुकाच्या ट्रॅकवर चालवून बघितली आणि आणखी ताठ करा म्हणून सांगितलं. आणि सगळ्यांत वजनदार शिफारस गॉर्डन मरेची. ज्यानं मॅक्लारेन एफ1 आखली तो माणूस स्वतः एनएसएक्स घेऊन वर्षानुवर्षं चालवायचा, आणि आपली गाडी आखताना मापाला ती समोर ठेवायचा. मिठाईवाला स्वतः कुठल्या दुकानातून पेढे आणतो, हे कळलं की बाकी चौकशी कशाला?

दंतवैद्यानं आधी चहा दिला. बिस्किटंही होती. मग एक जाड फाइल आणली. त्यात बत्तीस वर्षांच्या पावत्या, तारीखवार, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. टायमिंग बेल्ट दोनदा बदलल्याची पावती, वायपरच्या रबराची पावती, एकदा किल्ली हरवल्याची पावती आणि तिच्याखाली पेन्सिलनं टिपण: 'सापडली. बागेत.' मला भरून आलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी अशी फाइल बघितली नव्हती. गाडी अजून गॅरेजमध्येच होती आणि माझ्याकडून ती मंजूर झाली होती.

तेवढ्यात दंतवैद्य मेव्हण्याला विचारू लागला: काम काय करता, गाडी रात्री कुठं ठेवाल, पावसात नेणार का, आणि मुख्य म्हणजे, चालवणार ना? मेव्हणा खाली मान घालून उत्तरं देत होता. उपमा देणार नाही असं मी मघाशी म्हटलंय.

टेप लावली. एकशे एक्क्याऐंशी.

मेव्हण्यानं चालवली, मी शेजारी. स्टिअरिंगला पॉवर नाही. गॅरेजमधून काढताना त्याच्या दंडाच्या शिरा दिसल्या. पण चाक फिरायला लागलं की खालचा रस्ता हातात येतो. पाट्यावर चटणी वाटताना वरवंट्याखाली आलेला खडा मनगटाला कळतो, तसा. "आत्ता डांबर बदललं," मेव्हणा म्हणाला. "आत्ता पॅच होता. आत्ता ओल." तो काचेतून न बघता रस्ता वाचत होता. पाठीमागं सहा सिलिंडर आधी घरच्या होंडासारखे शहाण्यासारखे फिरत होते. मग दुसऱ्या गिअरमध्ये काटा साडेपाच हजारांच्या वर सरकला आणि माझ्या मानेमागं कुणीतरी तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा सूर चढला. इंजिनात तिथं झडपांची दुसरी चाल सुरू होते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त कुणीतरी 'वा' म्हणालं, आणि तो मीच होतो. काट्यावर बघितलं. पंचावन्न मैल. म्हणजे आरव झाला, आणि कायदाही मोडला नाही.

किंमत इथं लिहीत नाही. बायको हा लेख वाचणार आहे, आणि ती मेव्हण्याची बहीण आहे.

आमच्या परतीच्या आदल्या रविवारी मेव्हणा मला बुल्ख-उ-ग्रोसला घेऊन गेला. बुल्ख म्हणजे खिंड, क्रुसाची खिंड. उंची 545 मीटर, म्हणजे महाबळेश्वरला राहिलेल्या माणसानं ओठ आवळून ऐकावी अशी. पण चढ काही ठिकाणी चारास एक, आणि रस्ता एकपदरी. जुन्या काळी इंग्रज मोटारवाले नव्या गाड्यांचा दम या चढावर बघायचे. पहाटेचं धुकं होतं. एकीकडं डोंगर, दुसरीकडं दरी. काच खाली केली, की इंजिनाचा आवाज डोंगराला लागून परत यायचा. मेव्हणा पंचवीस-तीस मैलांनी चालला होता आणि गाणं म्हणत होता. वीस वर्षांत मी त्याला गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं.

वळणावर ट्रॅक्टर आला.

मागं मेंढ्यांचा ट्रेलर. ट्रॅक्टर थांबला, आम्ही थांबलो. मागचा फुगवटा आमच्यापासून दीडेकशे मीटर खाली, वळणापलीकडं. ट्रेलरवाल्यानं उलटं जायचा प्रश्नच नव्हता. मेव्हण्यानं रिव्हर्स टाकला, आरशात बघितलं, मान मागं वळवली आणि पुन्हा पुढं बघितलं. त्याचा चेहरा ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट मध्येच बोलायला लागल्यासारखा.

"दाजी…"

मी उतरलो. त्या गाडीतून पासष्टीच्या माणसानं उतरणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मागं जाऊन दरीच्या बाजूला उभा राहिलो. खिशात शिट्टी नव्हती, म्हणून तोंडानंच: "येऊ दे… येऊ दे… डावं घे… अजून थोडं डावं… सरळ कर… येऊ दे… आता उजवं मार… बास, बास, बास!" एक हात वर, दुसरा गाडीच्या मागं हवेत हलता, जसा मी हजारदा बघितला होता, लहानपणी, एस.टी.च्या मागच्या काचेतून. चंदेरी गाडी बोट-बोट करत मागं आली आणि फुगवट्यात बसली.

ट्रॅक्टर खाली आला आणि आमच्याशेजारी थांबला. म्हातारा शेतकरी वरून खाली बघत होता. त्याच्या सीटवरून आमची गाडी चपलेसारखी दिसत असणार.

"होंडा का?" त्यानं विचारलं.

"होंडा," मेव्हणा अभिमानानं म्हणाला.

"चांगली असते. माझ्या बायकोकडं पण आहे. जॅझ."

तो गेला. मेंढ्या आमच्याकडं बघत बघत गेल्या. मेव्हणा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मी मागचा रस्ता बघितला, पुढचा बघितला, मोकळा होता. आणि हात आपोआप वर गेला. गाडीच्या छपरावर दोन थापा मारल्या: टण्, टण्.

"दाजी! आवो ॲल्युमिनियम आहे ते!"

"म्हाईत आहे," मी म्हटलं. "आमच्या गाडीची बॉडीपण ॲल्युमिनियमचीच होती. डबल बेल दिलीय. चल आता."